बिनडागाचा लंगोट

लाडक्या ओवी,

आज इंदापूरहून आले ती पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावरच बसलेय. तुला लिहायचं कारण, तुझी एक वस्तू कुणीतरी मागितलीय. तुला न विचारता कशी देऊ?

तुझी आई आता डॉक्टरांना, नर्सबायांना शिकवायला जाते, माहीत आहे? हसू नकोस! आधी मोठ्या डॉक्टरीणबाई चित्रं दाखवून तुझा आजार समजावतात. यकृतातून आतड्यात पित्त नेणारी वाट काही बाळांची बंदच असते. मग मी उठून तुझं सांगते. बारामती झाली, मोरगाव झालं, आज इंदापूर. दरवेळी तुला नव्यानं जन्माला घालायचं आणि शेवटी पुन्हा घालवायचं. थकले गं, खरंच थकले.

तुझे डोळे पिवळे दिसायचे. 'कोवळ्या उन्हात धरा, उतरेल कावीळ,' असं दवाखान्यात सांगितलं. 'शी होते का?' असंही विचारायचे. 'व्हय, रोज हुती की,' आजी सांगायची. रंग कुणी विचारलाच नाही! आणि दवाखान्यात जायचं म्हणजे तुला न्हाऊमाखू घालून, धुतलेला लंगोट बांधून. मळका लंगोट कुणी डॉक्टरला दाखवतं का?

आजी तर शेजारणींना कौतुकानं सांगायची, "आमची ओवी लई गुणाची. लंगोटाला शीचा डागच ऱ्हात न्हाय. पाण्यातनं काढला की पांढराफेक!"

तुझी शी खडूसारखी पांढरी होती, बाळा. चांगल्या बाळाची पित्तामुळं पिवळी असते, तिचा डाग चिवट असतो. आम्ही तुझ्या आजाराचंच कौतुक करत होतो. पुण्याला नेलं तेव्हा तिथले डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन जन्मल्यापासून दोन महिन्यांच्या आत व्हायला हवं होतं. हे आधी कुणीच का नाही सांगितलं?

म्हणून मी दोन लंगोट घेऊन जाते. एक शेजारच्या बाळाचा, धुऊनही पिवळा राहिलेला. एक तुझा. आज तिथली तरुण डॉक्टर म्हणाली, "ताई, हे दोन्ही लसीच्या टेबलामागं लावू का? आमच्या नर्स रोज बघतील, प्रत्येक आईला रंग विचारतील." मी तुझा लंगोट पिशवीत कोंबला आणि तडक बाहेर पडले. तुझा तेवढा एकच उरलाय. बाकीचे तुझ्याबरोबरच मातीत दिले होते.

घरी येऊन आजीला सांगितलं. तू गेल्यापासून तिनं लंगोटाचं नावही काढलं नव्हतं. आज तिनं तो हातात घेऊन उलटापालटा केला, नाकाशी धरला. तुझा वास कुठला राहायला! तिनंच तो इतका स्वच्छ धुतलाय.

"दिऊन टाक," ती म्हणाली. "पिशवीत ठिवून कुणाचं प्वार वाचतंय?"

तर ओवी, उद्या पहिल्या एसटीनं इंदापूरला जाते आणि माझ्या हातानं तो तिथं टांगते. पुढच्या वेळी बोलावलं तरी जाईन. थकले तरी जाईन, हा तुला शब्द. फक्त उद्या येताना पिशवी रिकामी असेल, तेवढं मला सांभाळून घे.

तुझीच,
आई