शून्याच्या कोटीबद्दल मामांना

तीर्थरूप मामांस,

शून्य बहुपदीची कोटी किती, हे मला सांगता येत नाही. एवढं कबूल करून मगच नमस्कार करते, कारण पदवीधर भाचीला सगळं येतं असं तुम्ही गल्लीभर सांगत फिरता. अंगठ्याची जखम भरली का? (पत्रा कापताना वाद घालत जाऊ नका, असं मामीच म्हणत होती. तुमच्याशी वाद तीच घालत होती, हे तिने सांगितलं नाही.)

झालं असं. शनिवारी नववीच्या मुलींना बहुपदी शिकवत होते. चलाचा सर्वांत मोठा घातांक, ती बहुपदीची कोटी. क्ष वर्ग अधिक पाच क्ष, कोटी दोन. नुसता पाच असेल तर क्षचा घातांक शून्य, म्हणून कोटी शून्य. मुली रंगात आल्या आणि मी एकेकीला उभं करून कोटी विचारत सुटले. बाहेरून जाणाऱ्या चित्रकलेच्या सरांनी मुख्याध्यापिकांच्या कानावर घातलं, की नव्या बाई वर्गात तासभर कोट्या करून घेतात. मुख्याध्यापिका मूळच्या भाषेच्या शिक्षिका. त्यांच्या लेखी कोटी म्हणजे शाब्दिक विनोद, तोही बहुधा हलका. त्यांनी बोलावून विचारलं, तर मी उत्साहाने म्हणाले, हो बाई, काहींची कोटी तर फार वरची होती. त्यावर त्यांनी सोमवारी माझ्या तासाला बसायचं ठरवलं. मला कायम करायचं की नाही, ते त्याच तासावर.

हेही निभावलं असतं. पण त्याच शनिवारी मागच्या बाकावरच्या 'पण बाई'ने (तिचं प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू होतं) विचारलं होतं, "पण बाई, पाचची कोटी शून्य, तर शून्याची?" मी तोऱ्यात सांगितलं, शून्यच. घरी येऊन वही उघडली आणि चूक दिसली. शून्य गुणिले क्षचा सातवा घात, उत्तर शून्य. शंभरावा घात घेतला, तरी शून्य. कुठलाही घातांक चालतो, मग सर्वांत मोठा कोणता? पुस्तक म्हणतं, निश्चित करता येत नाही. (पुस्तकाचं ठीक आहे, त्याला कायम व्हायचं नसतं.) खरं सांगू, मला हे 'येत नाही' फार आवडलं. मग तुमचं डब्यांचं दुकान आठवलं. पत्राच नसेल तर डब्याला कोपरे किती, असं मी लहानपणी विचारलं होतं, तेव्हा तुम्ही कात्री खाली ठेवून म्हणाला होतात, "आधी डबा दाखव, मग कोपरे मोजतो."

चूक कबूल करावी, तर समोर मुख्याध्यापिका. गप्प राहावं, तर मुली चुकीचंच धरून बसणार. काय करू, ते सविस्तर कळवा.

तुमची भाची

ता. क. कळवायची घाई नको. पत्र टाकायचं राहिलं आणि सोमवार होऊन गेला. 'परवा मी चूक सांगितलं' असं फळ्यावर लिहिलं आणि तुमचा डबा सांगितला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "म्हणजे शून्याला कोटीच नाही? मला हे शून्य आवडलं." कायम झाले का, ते अजून कळलेलं नाही.

आणखी एक ता. क. 'पण बाई'ने विचारलं, "पण बाई, ते मामा खरे आहेत का?" चौथीनंतर शाळेची पायरी चढणार नाही, ही तुमची शपथ मला ठाऊक आहे. तरी गुरुवारी अकराच्या तासाला तुम्ही कात्री घेऊन येताय. फळ्याच्या कोपऱ्यात तसं लिहून, खाली 'पुसू नये' असंही मी लिहून आले आहे.