तिसरा ब्रेक

क्लातोवी,
बुधवार, २७ ऑगस्ट

प्रिय ओतादादा,

नमस्कार. तुझं पत्र गेल्या आठवड्यात पोचलं. आई बरी आहे, गुडघा सोडून. आलुबुखार यंदा इतके लागलेत की घरभर मुरंब्याचा वास सुटलाय आणि दाराच्या कड्या चिकट झाल्यात. तुझा खांदा आता वर जातो का? ब्र्नोत तुला व्यायाम करून घेणारं कुणी आहे की नुसताच आळस चाललाय? आईला हे ब्रेलचे ठिपके वाचता येत नाहीत, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

आता तुझ्या पत्राकडे वळते. "वेंदुला, तुला दिसत नाही हे विसरू नकोस," असं तू लिहिलंयस. कळवल्याबद्दल आभारी आहे. एकतीस वर्षांत ही बातमी मला कुणी दिलीच नव्हती.

आणि आपली लांबडी विकून टाक, असं तू आईला फोनवर सांगितलंस. आई कसली थांबते! तिने कोपऱ्यावरच्या दुकानात लगेच चिठ्ठी लावली : 'दोघांनी चालवायची लांब सायकल, एकदाच पडलेली.' मी जाऊन ती चिठ्ठी काढायला लावली. दुकानदारीण म्हणाली, "अगं, आईने लावलीय ती."

म्हटलं, "आणि मुलीने काढलीय."

तर ऐक. शनिवारी, सहा सप्टेंबरला, मी शुमावाच्या राष्ट्रीय उद्यानात निघते आहे. लांबडी आगगाडीच्या सामानाच्या डब्यात, आम्ही शेजारच्या डब्यात, झेलेझ्ना रुडाला उतरायचं आणि तिथून चार दिवस जंगलातून सायकल. मुक्काम उद्यानाने नेमून दिलेल्या तळांवरच. संध्याकाळी सहानंतर तंबू ठोकायचा, सकाळी नऊच्या आत उचलायचा, एका तळावर एकच रात्र. मला हा नियम फार आवडतो. चालत्या माणसालाच जागा, बसल्याला नाही. पहिला मुक्काम पोलेद्निकच्या माथ्याजवळ. हो, तोच डोंगर. पत्र खाली ठेवलंस ना? उचल परत.

माझ्या पुढे क्वेता बसणार आहे. आमच्या सायकल क्लबात वसंतात आलेली नवी पायलट, म्हणजे पुढे बसून हाकणारी. तीस वर्षं खेड्यापाड्यांतून टपाल वाटत फिरली. "कुत्री चावली, माणसं चावली, पण सायकलवरून पडले नाही," असं ती दिवसातून दोनदा सांगते. तुझ्यासारखं पुटपुटत नाही, तोंडाची टकळी सतत चालू. "खड्डा! डावीकडे वळतेय! चढ आला, पाय हलव, फुकट बसू नकोस!" सामानाच्या वजनावरून आमचं रोज वाजतं. मी दात घासायच्या ब्रशचा दांडा कापला आणि ही बाई बिडाचा तवा घेतेय. म्हणे, सप्टेंबरात शुमावात जाऊन अळंबी तळायची नाहीत, तर जायचं कशाला? तिचंही खरं आहे. सुट्टीची गर्दी ओसरलेली असते, डास मेलेले असतात आणि अळंब्यांचं पोट बोटांनी चाचपून ओळखण्यात मी तुम्हा डोळसांच्या पुढे आहे. स्पंजासारखं लागलं तर टोपलीत, झालरीसारखं लागलं तर क्वेताला विचारायचं. हरणंही तेव्हाच हंबरायला लागतात. ती मला तंबूत पडून ऐकायचीत, रेडिओवर नाही.

आईचं म्हणणं तुला पाठ असेल. "एकाने हाड मोडून घेतलं, तेवढं पुरे नाही का? तुझ्यावर कुणी भरवसा ठेवायचा, आणि तू तरी कुणावर ठेवणार?" क्लबाच्या सेक्रेटरीनेही आईचा फोन आल्यावर शेपूट घातलं. मला म्हणाला, "या वर्षी सपाटीवर फिर." मी म्हटलं, "सपाटीवर तुम्ही फिरा, तुमचं वय झालंय."

इथवर मी भांडत आले, कारण भांडण मला सोपं जातं. खरं लिहायचं ते अजून लिहिलेलं नाही. दोन कागद फाडून झाले.

परवाच्या गुरुवारी क्वेता आणि मी तळघरात लांबडीचे ब्रेक बसवत होतो. तिने तिसऱ्या ब्रेकचा दांडा माझ्या मुठीत दिला आणि म्हणाली, "दाब." मी दाबला. चाक जागच्या जागी थांबलं.

"छान धरतोय. लांब उतारावर दोघींच्या वजनाने माझे ब्रेक तापणार, तेव्हा हाच आपला देव. मी ओरडले की दाबायचा. गेल्या वर्षी काय झालं होतं?"

मी सगळ्यांना सांगते तेच तिला सांगितलं. दादा ओरडला, पण मला ऐकू आलं नाही.

क्वेता हसायलाच लागली. "तुला? शेजारणीच्या घरात कॉफी उतू गेलेली तुला आमच्या आधी कळते. तुला ऐकू आलं नाही?"

दादा, मला ऐकू आलं होतं.

तू उशिरा ओरडला नाहीस. पुटपुटलाही नाहीस. पोलेद्निकच्या उतारावर तू चांगलं खणखणीत "ब्रेक!" म्हणून ओरडलास. दांडा माझ्या बोटांखाली होता आणि मी तो दाबला नाही. मला मजा येत होती. जन्मभर माझ्यासाठी कुणी ना कुणी ब्रेक दाबत आलंय, जिन्यावर, रस्त्यावर, लग्नाच्या बोलण्यांत. त्या दिवशी पहिल्यांदा ब्रेक माझ्या हातात होता. वारा तोंडावर नुसता आपटत होता. मला वाटलं, आणखी एक क्षण. तू पुन्हा ओरडलास, तेव्हा वळण आलंच होतं.

इस्पितळात आईने विचारलं, तेव्हा मी म्हटलं, ऐकू आलं नाही. मी घाबरले होते. वाटलं, उद्या सांगू. तेवढ्यात तूच म्हणालास, "माझंच चुकलं, मी उशिरा ओरडलो." आणि मी गप्प बसले. आई तुला म्हणाली, बहीण सांभाळता आली नाही तुला. तरीही मी गप्पच होते. नाताळात तू आला नाहीस. मी तुझ्या वाटणीचा मासा खाल्ला आणि तो गोड लागला नाही, पण तोंड उघडलं नाही. या सगळ्याची मला लाज वाटते.

तळघरात हे सगळं ऐकून क्वेताने पाना खाली ठेवला. मग म्हणाली, "ब्रेक तुझ्याच हातात राहील. पण आधी भावाला लिही. ज्याच्या माथी मारलंस त्याला ठाऊक नसताना मी तुझ्या पुढे बसणार नाही."

आईला मी क्वेताच्या सांगण्यावाचून, आपण होऊन रविवारी सांगितलं, जेवणाच्या टेबलावर. तिने काटा खाली ठेवला. "म्हणजे वर्षभर मी त्याला..." एवढंच म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आणि हे सांगूनही तू जाणार आहेस?"

"जाणार आहे," मी म्हटलं.

तीन दिवस ती माझ्याशी बोलत नाही. मीठ हवं असलं तर मांजरीला सांगते. आतापर्यंत तीन-चारदा तिने फोन उचलून परत ठेवलेला मी ऐकलाय. तिचा फोन येईल तुला. उचल. नीट बोलता आलं नाही तिला, तर तू सांभाळून घे. चूक तिची नव्हती, तिला मीच खोटं सांगितलं होतं.

माझ्यावर रागाव. हवं तितकं, हवा तितका काळ. मी वाट बघेन. पण तू ओरडायला चुकलास असं पुन्हा कुणापुढे म्हणालास, तर मी ब्र्नोला येऊन तुझ्या ऑफिसात सगळ्यांसमोर खरं सांगेन. आणि लांबडी विकायची नाही. पुढची बैठक तुझ्याच उंचीवर होती. क्वेताने ती चार बोटं खाली घेतलीय. तू आलास की वर करून देईन म्हणते.

सहा तारखेला सकाळी सात चाळीसची गाडी आहे. हे तुला कळवते आहे, विचारत नाही.

मी मागते आहे ती माफी, परवानगी नव्हे.

तुझं ऐकू येऊनही न ऐकलेली,
वेंदुला