खालच्या ओठामागचा चट्टा

मंगळ., ७ जाने.
गुळपोळीचं सारण चाखलं आणि डोळ्यांत टचकन पाणी. तिखट महिनाभर झोंबतच होतं, गूळही झोंबायला लागला म्हणजे कमालच. पोळीभाजी केंद्राच्या आरशात खालचा ओठ ओढून पाहिला. डावीकडे आत पांढरट चट्टा, नखाएवढा. बोटाने घासला, निघत नाही. केंद्रावरच्या मंदावहिनीला दाखवला. "उष्णता झाली असतली. तूप लाव गो."
लावलं. संक्रांतीच्या ऑर्डरी डोक्यावर आहेत, आजारी पडायला सवड कुणाला.

गुरु., ९ जाने.
ऋतुला कळलंच. आमटीचा घास उजवीकडून घेत होते तर पोळी खाली ठेवून म्हणाली, "आई, आ कर." मोबाईलचा टॉर्च थेट घशापर्यंत. लेक गोरेगावला कंपनीत काम करते, पण रुबाब हवालदाराचा.
"किती दिवस झाले?"
म्हटलं, आठवडा. महिना होऊन गेलाय.

शनि., ११ जाने.
मुलुंड स्टेशनजवळची डेंटिस्ट. तरुण मुलगी, हात हलका. मला काकू म्हणते. फॉर्म भरताना विचारलं, "तंबाखू, सुपारी, मशेरी?" मी तोंड उघडायच्या आत ऋतु म्हणाली, "मशेरी लावायची पूर्वी. सात वर्षं झाली सोडून. एकदा शब्द दिला की दिला हं आमच्या आईने."
किती कौतुकाने बोलली. डॉ. माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली. ती हो होती की नाही होती, देव जाणे. डॉ.ने लिहून टाकलं.
मग खालचा एक दात टोकदार सापडला. तोच टोचत असेल म्हणून घासून गुळगुळीत केला. दोन आठवड्यांत चट्टा जायला हवा म्हणाली. त्या दाताने माझी अब्रू वाचवली. वाटेत ऋतुने शहाळं पाजलं.

रवि., १२ जाने.
निदान वहीत तरी खरं असू दे.
मी मशेरी सोडलेली नाही. घरी सोडली. केंद्रावर रोज चालू आहे. सकाळी शटर उघडल्यावर, अकराला, मग चारला. शेगडी रिकामी झाली की मं.व. तव्यावर तंबाखू काळाभोर भाजते, कुटते, डबीत भरते. मसाल्याच्या वासात तो वास खपून जातो. डाव्या तळहातावर चिमूटभर, उजव्या हाताचं बोट, आणि उरलेली खालच्या ओठाच्या आत दाबून गप्पा. डावीकडे. चट्टा आहे तिथेच. मला ते सांगायला डॉक्टर कशाला हवा?
हे गेले तेव्हा तेराव्याला माणसं पांगल्यावर ऋतुने माझा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "बाबा गेले. आता तू तरी नीट राहा. मशेरी सोड. माझी शपथ आहे." एकोणीस वर्षांची होती. मी हात न काढता हो म्हटलं.
पंधरा दिवस टिकलं.
तेव्हापासून तिला साधा ताप आला तरी मला घाम फुटतो. शपथ मोडली मी, डोकं तिचं. कुणाला सांगणार?

मंगळ., १४ जाने.
संक्रांत. पोळ्या लाटून खांदे गेले. तीळ चट्ट्यावर जाऊन बसतात, आग आग होते. सगळ्या गिऱ्हाइकांना गोड बोला, गोड बोला करत होते. घरी गेली सात वर्षं गोडच तर बोलतेय.
चारची मशेरी आज उजवीकडे लावली. जणू काही फार मोठी अक्कल.

सोम., २० जाने.
चट्टा तसाच. कडा जरा खरखरीत वाटते. की रोज जीभ फिरवून फिरवून मलाच तसं वाटतंय?

शनि., २५ जाने.
पुन्हा डेंटिस्ट. कापसाने पुसून पाहिलं, बोटाने दाबून पाहिलं, मानेतल्या गाठी चाचपल्या.
"काकू, दात कारण नव्हता. छोटासा तुकडा काढून तपासायला पाठवू."
ऋतु म्हणाली, "बायोप्सी?"
"हो. घाबरायचं नाही. नुसतं बघायचं."
नुसतं बघायला कोणी कापतं का? ऋतुचा चेहरा पांढरा पडला. डॉ.ने पुन्हा विचारलं, "मशेरी नक्की बंद आहे ना?" ऋतुने माझा हात घट्ट धरला होता. म्हटलं, "नक्की."
या वेळी नुसती मान नाही. तोंडाने, स्वच्छ.

मंगळ., २८ जाने.
झालं. इंजेक्शन तेवढं दुखलं. मग ओठ माझा राहिलाच नाही. दुखत नव्हतं, पण ओढ कळत होती. कात्रीचा आवाज अगदी कानात. तीन टाके. तुकडा मेथीच्या दाण्याएवढा. बाटलीतल्या पाण्यासारख्या औषधात सोडला, तळाशी जाऊन बसला.
बाटलीबरोबर लॅबसाठी कागद जातो. डॉ. लिहीत होती, मी खुर्चीवरून वाचलं. सवयीपुढे: काही नाही. बाटलीतला तुकडा खरा आणि त्याच्याबरोबरचा कागद खोटा.
गार दहीभात. ऋतुने आइस्क्रीम आणलं. दोघी एकाच वाटीत खाल्लं. तिने हापिसातले किस्से सांगून हसवायचा प्रयत्न केला, मी टाक्यांचं निमित्त करून हसले नाही.

गुरु., ३० जाने.
काल काय केलं ते लिहायलाही लाज वाटते. टाके ओले असताना लावली. दुसऱ्या बाजूला, पण लावली. एक दिवस राहवलं नाही मला. चोपन्न वर्षांची बाई मी.
आज केंद्रामागे गॅसच्या सिलिंडरपाशी उभी राहून डॉ.ला फोन केला. सगळं सांगितलं. ओरडली नाही. पुरतं ऐकून घेतलं. मग, "बरं झालं सांगितलंत. लॅबला कळवते. टाक्यांवर नाही ना लावली?" म्हटलं, काल, दुसरीकडे. "काकू!" तेवढ्या एका शब्दात सगळा ओरडा आला. "आजपासून बंद. कमी नाही, बंद. आणि ऋतुजाला तुम्ही सांगा. मी आपणहून सांगणार नाही, पण तिने विचारलं तर खोटं बोलणार नाही."
मं.व.ने ऐकलं. फणकारली. "कित्याक सांगलंस गो? माझी आवस नव्वदीपर्यंत लावी होती. काय झाला तिका?"
नव्वदीपर्यंत जगलेल्या आयांच्याच गोष्टी सांगतात सगळ्या. बाकीच्यांच्या आया कुठे गेल्या?

सोम., ३ फेब्रु.
पाचवा दिवस. डोकं जड, हात रिकामे. पोटाचं तर विचारूच नका, मशेरीशिवाय सकाळ होतच नाही त्याची. इसबगोल चालू. ऋतु म्हणते टेन्शनमुळे. हो म्हटलं. अजून एक खोटं.
आज भाजीत मीठ दोनदा घातलं. गिऱ्हाईक परत आलं डबा घेऊन.
सांगायचं आहे. जेवायला बसलो की सांगते म्हणते. मग ती विचारते, "दुखतंय का गं?" आणि संपलं.

बुध., ५ फेब्रु.
टाके काढले. रिपोर्ट आला. ऋतुने अर्धा दिवस रजा टाकली होती.
डॉ.ने आधी स्वतः वाचला. तेवढ्यात मी सगळे देव आठवले. मग म्हणाली, "कॅन्सर नाही."
ऋतुने श्वास सोडला तो मला ऐकू आला. पण डॉ. थांबली नव्हती. "पेशी मात्र बदलायला लागल्यात. आत्ता थोड्या. कारण बंद झालं तर सुधारू शकतं. नाही झालं तर पुढे जाऊ शकतं. बंद करूनही कधी कधी जातं, म्हणून लक्ष ठेवायचं. तीन महिन्यांनी परत या, तेव्हा कदाचित पुन्हा तुकडा घ्यावा लागेल."
"पण कारण काय?" ऋतु म्हणाली. "तिला तर कसलीच सवय नाही."
डॉ. टेबलावरचे कागद सरळ करत राहिली. एसीचा आवाज येत होता. खुर्चीतच, गळ्यात ते निळं फडकं बांधलेलं असताना, सांगितलं. केंद्र, डबी, चार वाजता, सात वर्षं. सगळं.
घरी आल्यावर ऋतुची पर्स खांद्यालाच होती.
"माझ्या डोक्यावर हात होता तुझा."
"हो."
"मला काय झालं? काही नाही झालं, बघ. धडधाकट आहे मी. झालं ते तुला." मग म्हणाली, "आता परत शपथ घालणार नाही. मला नको ती."
बाबा गेल्यानंतर आज रडताना पाहिलं तिला. जवळ गेले तर हात झटकला. मीही रडले, ओट्याशी.

शनि., ८ फेब्रु.
अबोला. फक्त संध्याकाळी आली की चपला न काढता दारातच, "आ कर." टॉर्च. बघते, वास घेते, आत जाते. मला राग येत नाही. दिवसभरात तेवढंच बोलते माझ्याशी, म्हणून मी ती यायच्या वेळेला दाराजवळच घुटमळते.
टाक्यांची जागा भरतेय. शेजारी पांढरं अजून आहे.

मंगळ., ११ फेब्रु.
बारा दिवस झाले होते.
आज चार वाजता मं.व. तवा ठेवून भाजत होती. मी पाठ करून कोथिंबीर निवडत होते. वास आला. तिने विचारलं नाही, मी मागितली नाही. माझा तळहात पुढे कधी झाला कळलं नाही, आणि कळल्यावरही मी तो मागे घेतला नाही. लावली. डावीकडे, टाके होते तिथेच. इतकं बरं वाटलं की स्वतःची किळस आली.
"डाक्टरान कॅन्सर नाय म्हणान सांगल्यान ना? मगे?" मं.व. म्हणाली. मी कोथिंबिरीकडे वळले.
सातला घरी आले. बेसिनपाशी उभी राहिले, टूथपेस्ट हातात. खळखळून चूळ, दोनदा ब्रश, वर लवंग, की ऋतुच काय, डॉ.लाही वास यायचा नाही. कसं करायचं ते मला पाठ आहे. सात वर्षं तेच केलं.
टूथपेस्ट जागेवर ठेवली. आरशात ओठ ओढून पाहिला, आत काळं आहे अजून.
ऋतुचा मेसेज आलाय, बस लिंक रोडला अडकलीये, आठ वाजतील. उत्तरात सांगावं असं मनात आलं. टाईप केलं, पुसलं. लिहून कळवायची गोष्ट नाही ती.
आठला दहा कमी आहेत. तोंड धुतलेलं नाही. येऊ दे तिला.