कवेलूंचा धूर

खैरलांजी,
१२ फेब्रुवारी १९६५

प्रिय तुळसा,

संक्रांतीला तू माहेरी आलीस आणि जाताना माझी झोप घेऊन गेलीस, त्याला महिना होत आला. तुझ्या शेताच्या धुऱ्यावरचे तीन मोह अजून उभे आहेत ना? आमच्या शाळेच्या छपराला मातीचे सहा हजार कवेलू हवेत, ते भाजायला तुमच्या गावचा दुलीचंद कुंभार ही झाडं मागतो आहे आणि आमच्या जावयांनी, नथ्थूजींनी, त्याला हौ म्हटलं आहे, हे तूच सांगितलंस. पण भांडली नाहीस. भांडली असतीस तर मी तुला गप्प केलं असतं. लहानपणापासून तेवढं मला छान जमतं.

सरपंच झाल्यावर मी पहिलं काम केलं ते तळ्याच्या पाळीवरची आपली कवेलूंची भट्टी बंद करण्याचं. झाडं वाचली म्हणून आम्ही फुगलो. गावात भट्टीसाठी किती लाकूड जळालं, असा बालाघाटच्या कचेरीचा कागद दरसाल येतो आणि मी दरसाल ऐटीत शून्य लिहितो. कवेलू मात्र तुझ्या सासरहून बैलबंड्या भरभरून येतच होते. यंदा तर सर्वांत कमी लाकूड जाळणाऱ्या गावाच्या शाळेला दोन पक्क्या खोल्या मिळणार होत्या. तो कागद मी तुला मोठ्या कौतुकाने वाचून दाखवला. तू चहाची बशी खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "भाऊ, कवेलू तुमच्या घरावर अन् धूर आमच्या गावात. मंग हे शून्य कोनाचं हाय?"

मग पदराची गाठ सोडून चिंचोके ओतलेस. दुलीचंदच्या भट्टीत गेलेल्या लाकडाच्या दर बंडीमागे एक चिंचोका, दोन वर्षांचे. कोणाचे कवेलू भाजतोस, हे तू त्याला दर भट्टीला विचारत होतीस. तुमच्याच गावात राहिलेल्या कवेलूंचे नऊ चिंचोके एका ढिगात, आमच्याकडे आलेल्यांचे बावीस दुसऱ्यात. वाटेत फुटले तेवढे तरी वजा कर, असं मी म्हणालो, तर हसलीस. "काहून? फुटले ते का बिनालाकडाचे भाजले व्हते?" आपली भट्टी होती तेव्हा दोन वर्षांत अठरा बंड्या लाकूड पुरत असे. म्हणजे मी वाचवलं काहीच नाही, उलट चार बंड्या जास्त जाळल्या, आणि त्याही तुझ्या दारात.

तुला चौथीतून काढून बाबांनी मला सातवीपर्यंत शिकवलं. त्याची मला त्या दिवशी पहिल्यांदा लाज वाटली. किती साधी मोजणी, आणि गावातल्या एकाही शहाण्याला सुचली नाही. ते चिंचोके मी जपून ठेवले आहेत. घरात कोणाला हात लावू देत नाही, तुझी वहिनी हसते.

सोमवारी बालाघाटच्या कचेरीचे साहेब आले. मी शून्य खोडलं आणि पट्टीने दुसरा रकाना आखला: गावाने बाहेरून आणलेल्या कवेलूंसाठी दुसऱ्या गावात जळालेलं लाकूड, दोन वर्षांत बावीस बंड्या. साहेब म्हणाले, कागदात असा रकाना नाही. मी म्हणालो, साहेब, गाव तर आहे. मोजणारीचं नाव विचारलं तेव्हा तुझं पूर्ण नाव लिहिलं. खोल्या गेल्या. मोतीलाल पंच तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही, आणि यंदा पोरं गवताच्या छपराखाली बसतील.

भैयालालजवळ या पत्राबरोबर दुसरी चिठ्ठी आहे, सहा हजारांची मागणी रद्द केल्याची. तुला पत्र देऊन तो तसाच दुलीचंदकडे जाईल. मोहांना कुऱ्हाड लागली असेल तर लपवू नकोस, मला खरं कळव. आपली भट्टी आम्ही पुन्हा पेटवणार आहोत, गिरणीतला धानाचा तूस घालून, म्हणजे लाकूड कमी लागेल. पण मोजायला तूच ये. आम्ही मोजलं तर पुन्हा शून्यच भरेल.

तुझाच भाऊ,
भोजराज