पहिल्या तिघांत

८ डिसेंबर
आज उमरग्याला नव्या क्रीडा अकॅडमीत राजेश्वरी मॅडमना भेटलो. त्यांना सायकलिंगचा प्रशिक्षक हवा आहे. पुण्याच्या टीमकडून पाच सीझन व्यावसायिक रोड रेसिंग करून सव्विसाव्या वर्षी निवृत्त झालेला माणूस मुरुममध्ये दुसरा नाही. (निवृत्ती मीच जाहीर केली. टीमने करार वाढवला नाही त्या दिवशी आईला, म्हणजे अव्वाला, फोन करून सांगितलं.)
मॅडमनी विचारलं, किती रेस जिंकल्या? मी म्हणालो, आमच्या टीमने बऱ्याच. त्या म्हणाल्या, टीमचं राहू द्या, तुम्ही? प्रश्नच चुकीचा आहे. कॅप्टनपुढे राहून वारा मी अडवायचो, त्याचं पाणी मी आणायचो, चाक फुटून त्याने हात वर केला की माझं काढून द्यायचो. तो नुसता पहिला यायचा. हे समजावून सांगितलं. मॅडम म्हणाल्या, २८ला यात्रेची माकणी ते मुरुम रेस आहे, आमची पोरं बघायला येतील. पहिल्या तिघांत या आणि एक तारखेला रुजू व्हा.
पहिल्या तिघांत! अपमानच. पहिला येणार.

९ डिसेंबर
घरी सांगितलं. अप्पा म्हणाले, सायकलीवर पोट भरलं असतं तर पोस्टमननं बंगला बांधला असता. आलास तिघांत तर कर नोकरी. न्हाय तर २९ला सकाळी खताच्या दुकानाचं शटर तूच उघडायचं, सिद्ध्या, आन् मग सायकलीचं नाव काढायचं न्हाय. मी कबूल केलं. म्हणजे शेवटची संधी. बरंच आहे, मी दबावाखाली चांगला खेळतो.
संकल्प: पहाटे पाचला उठणे. साखर बंद. तळलेलं बंद.

११ डिसेंबर
पाचला उठलो. बाहेर धुकं आणि उसाचे ट्रॅक्टर, एकालाही मागचा दिवा नाही. परत येऊन झोपलो. दुखापत टाळणं हाही सरावच.

१४ डिसेंबर
लोहाऱ्यापर्यंत गेलो. चढावर मागून माकणीचा धनाजी आला. कॉलेजचा पोरगा, यंदा रेसला आहे. म्हणाला, दादा, गुडघा धरलाय का? मी सांगितलं, वेग मुद्दाम कमी ठेवलाय. व्हय व्हय, म्हणाला, आणि दिसेनासा झाला. पोराला दमाचं नियोजन माहीत नाही.
गुडघ्यात कट् असा आवाज येतो. चेनचा असावा.

१९ डिसेंबर
येळवस, म्हणजे वेळ अमावस्येला शेतात जेवायचा सण. सगळे शेतात. मी फक्त काकडी खाणार होतो. अव्वा म्हणाली, आजच्या दिवशी शेतातून उपाशी उठतेत व्हय रे? वाढू लागली. भज्जी म्हणजे भाज्या आणि शेंगांचे दाणे, तळण नव्हे. त्यामुळे संकल्प मोडला नाही. आंबील तांब्याने प्यालो. शरीरात पाणी असावं लागतं. मग बाभळीखाली झोपलो. विश्रांतीही असावी लागते.

२४ डिसेंबर
झोप नाही. डोळे मिटले की दुकानाचं शटर दिसतं. सगळे नट पुन्हा आवळले. एक जास्त आवळला गेला, सैल केला. आता तो नीट आहे का, ही शंका.
अप्पांनी दुकानात नवी खुर्ची आणली. अव्वाला म्हणाले, पोरगं दिवसभर उभं किती राहणार. माझ्या हरण्याची तयारी माझ्या जिंकण्यापेक्षा जोरात चालू आहे.

२७ डिसेंबर
भात गेला नाही. डावपेच ठरला: धनाजीच्या चाकामागे चिकटून राहायचं, वारा त्याला खाऊ द्यायचा, वेशीजवळ पुढे निघायचं. पाच वर्षं कॅप्टनने माझ्या पाठीमागे हेच केलं. उद्या पहिल्यांदाच मी कॅप्टन.

२८ डिसेंबर
सगळं क्रमाने लिहितो.
डावपेच अचूक चालला. लोहारा मागे पडलं तेव्हा पुढे धनाजी, मागे मी, तिसरा दिसतही नव्हता. गुडघा गप्प. मुरुमची पाण्याची टाकी दिसू लागली. एक तारखेला कोणता शर्ट घालायचा तेही ठरलं.
तेवढ्यात धनाजीचं पुढचं चाक फुटलं. तो थांबला आणि त्याने हात वर केला.
आता मी नुसतं पुढे निघून जायचं होतं.
मी ब्रेक लावला. उतरलो. माझं पुढचं चाक काढलं, त्याच्या सायकलीला बसवलं, त्याला पाठीवर हात देऊन ढकललं आणि ओरडलो, जा जा जा! मागून मोटरसायकलवर त्याचा मित्र आला तेव्हा कळलं की त्याने हात याला केला होता. मित्र म्हणाला, दादा, तुमी आमच्याच गावचे का? मी सुटं चाक घेऊन येणारी माझ्या टीमची गाडी कुठे राहिली ते बघत होतो. मग आठवलं.
एकामागून एक सगळे गेले. सायकल खांद्यावर घेऊन चालत आलो. वेशीवर अकॅडमीची पोरं रांगेत उभी होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम वाजवत नव्हत्या. मी म्हणालो, यालाच खरं रोड रेसिंग म्हणतात. त्या म्हणाल्या, सिद्धेश्वर, माणूस म्हणून तुम्ही सोनं आहात. पण तुमच्या हाताखाली माझी चाळीस पोरं दुसऱ्याला चाकं वाटत फिरतील. जिंकायचं कुणी?
त्यांच्या दृष्टीने बरोबर असेल.

२९ डिसेंबर
शटर मी उघडलं. खुर्ची चांगली आहे.
दुपारी धनाजी पेढे आणि चाक घेऊन आला. पाया पडला. म्हणाला, दादा, लई भारी पळतंय हो तुमचं चाक. लातूरला पुढच्या रविवारी मोठी रेस हाय. मी सांगितलं, मी निवृत्त आहे. या वेळी पूर्ण विचार करून. तो म्हणाला, तसं न्हाय, चाकाचं इचारत हुतो.
अप्पा गल्ल्यावरून बघत होते.
मी चाक त्यालाच ठेवायला सांगितलं. तो निघाला, तेव्हा मागून हाक मारून पंपही दिला.