तिसऱ्या शिटीला थांबणारं गाणं

आई, मागच्या रविवारी नोएडात एका घराच्या मागच्या अंगणात मी तुझं गाणं ऐकलं. तुला जाऊन एकतीस वर्षं झाली आणि ते गाणं आपल्या घराबाहेर कुणी शिकलेलं नव्हतं, म्हणून आधी हे सरळ लिहून टाकतो. भलती शंका घेऊ नकोस, मी काही घेतलेलं नव्हतं. दुपारचे तीन वाजले होते, थंडीतलं छान ऊन पडलं होतं आणि माझ्या हातात सोललेलं संत्रं होतं.

त्याचं असं झालं. एक गायिका आहे, माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. स्वतःच गाणी लिहिते, स्वतःच चाली लावते आणि गिटार घेऊन हिंदीत गाते. फार प्रसिद्ध वगैरे नाही. गुरुग्रामच्या ऑफिसला जाता-येता मेट्रोत मी गेली कित्येक वर्षं तिलाच ऐकतो. तुझी सून चिडवते, "तुला साधा ठेका धरता येत नाही आणि हिचं एक गाणं सोडत नाहीस. प्रेमात-बिमात पडलास की काय?" तिच्या आवाजात असं काय आहे हे मलाही कधी सांगता आलं नाही. ऐकलं की घरी कुणीतरी आहे असं वाटतं, एवढंच. या कार्यक्रमाचं तुझ्या सुनेला कुठूनसं कळलं आणि तिनं आम्हा दोघांची जागा धरली. कुणाच्या तरी बंगल्यामागची हिरवळ, सतरंज्यांवर बसलेली चाळीसेक माणसं, मधे शेंगदाण्यांच्या परड्या आणि पेरूच्या झाडाखाली एक स्टूल. माइकसुद्धा नव्हता. ती येऊन बसली तेव्हा माझ्यापासून दोन हातांवर होती आणि मी शाळकरी पोरासारखा सरळ होऊन बसलो.

आता जरा मागे जातो. तुला हे सगळं माहीत आहे, पण मला क्रमानं लिहू दे. आर. के. पुरममधलं तुझ्या सरकारी नोकरीवर मिळालेलं आपलं क्वार्टर, त्यातलं ते दोन पावलांचं स्वयंपाकघर. नऊच्या आत तुला ऑफिसची बस गाठायची असायची आणि घड्याळ बघायला तुझे हात रिकामे नसायचे. म्हणून तू वेळ गाण्यावर मोजायचीस. भाताला एक गाणं, डाळीला दोन, बटाट्याला अडीच. गाणंही तूच रचलेलं. ऊन आलं खिडकीत, हळद सांडली परातीत, कोण आलं, कोण गेलं, ताट राहिलं मांडलेलं. मला अजून दिसतंय, तुझे केस ओले आहेत, पदर खोचलेला आहे, एकीकडे तू पोळी लाटते आहेस आणि 'कोण गेलं'शी आलीस की कुकरची तिसरी शिटी होते. तू तिथेच थांबतेस, न बघता हात मागे नेऊन गॅसचं बटण फिरवतेस आणि श्वास घेऊन पुढचं म्हणतेस. हे कधी चुकलं नाही. लहानपणी मला वाटायचं, की कुकरच तुझं ऐकतो.

आणि मग ते सकाळचं क्रिकेट. मी अकरा वर्षांचा. खाली आम्ही खेळत होतो, वरून तुझा आवाज येत होता आणि एक जण म्हणाला, "ओए, तेरी मम्मी दाल को लोरी सुनाती है क्या?" सगळे फिदीफिदी हसले. मी बॅट टाकून वर आलो आणि तुला म्हणालो, "आई, प्लीज यार, गाऊ नकोस ना. सगळ्यांना ऐकू जातं. लाज वाटते." तू पीठ लागलेल्या हातानं माझ्याकडे वळून बघितलंस. मला वाटलं, आता 'आईला यार म्हणतोस?' म्हणून ओरडशील. तू फक्त "बरं" म्हणालीस. दुसऱ्या दिवशी बेडरूममधलं गजराचं घड्याळ स्वयंपाकघराच्या फळीवर आलं. पुढची दीड वर्षं मी तुझं गाणं ऐकलं नाही, आणि मग आठ दिवसांच्या तापात तू गेलीस. त्या "बरं"चं काय करायचं हे मला आजवर कळलेलं नाही. माझ्यामुळे तू गप्प झालीस आणि गप्पच गेलीस, हे मी बाबांनासुद्धा कधी सांगितलं नाही.

तर त्या अंगणात ती म्हणाली, "ये आखिरी वाला मैंने कभी रिकॉर्ड नहीं किया. घर का गाना है." गिटार बाजूला ठेवली आणि नुसतंच गुणगुणायला लागली. पहिल्या ओळीलाच हातातलं संत्रं मी खाली ठेवलं. शब्द हिंदी होते, धूप खिड़की में, हल्दी परात में, पण चाल तुझी. हेल तुझे. मी मनातल्या मनात पुढचं म्हणायला लागलो, काहीतरी योगायोग असेल, आता चुकेल, आता चुकेल असं घोकत. 'कौन आया, कौन गया'शी आली आणि भिंतीपलीकडे कुकरची शिटी झाली. ती थांबली. तिचा उजवा हात मागे गेला आणि हवेतच, न बघता, तिनं काहीतरी बंद केलं. मग श्वास घेऊन ती पुढे म्हणाली, थाली लगी रह गई. तुझ्या सुनेला मी कोपरानं ढोसून विचारलं, "शिटी ऐकलीस?" ती म्हणाली, "शिटी? कुठली शिटी? गप ना, छान गातेय."

कार्यक्रम संपल्यावर लोक चहाकडे वळले. मी गायिकेजवळ गेलो. वर्षानुवर्षं तिला काय काय सांगायचं ठरवलं होतं, त्यातलं एक आठवेना. विचारलं, "वो आखिरी गाना आपने कहाँ सीखा?" ती हसली. "सीखा नहीं. मैं पाँच साल की थी, पापा को आर. के. पुरम में क्वार्टर मिला था. किचन में खड़ी होती थी तो आ जाता था, बस. मम्मी कहती थीं, किससे सीखा, हमारे यहाँ तो कोई नहीं गाता." मी ब्लॉक विचारला. जिना विचारला. आई, आपलंच घर. तू गेल्यावर आम्ही ते सोडलं त्याच्या पुढच्याच महिन्यात ते लोक आले होते. घर सोडताना नळ, पंखे आणि खिडक्यांच्या काचा मोजायला आलेल्या माणसानं मला विचारलं होतं, "बेटा, अंदर कुछ छूटा तो नहीं?" मी स्वयंपाकघरात डोकावून आलो होतो आणि नाही म्हणालो होतो.

मग ती जे म्हणाली ते मला तुला सांगायचं आहे. ती म्हणाली, "अजीब बात है, वो हमेशा बहुत धीरे आता था. जैसे कोई दरवाज़ा बंद करके गा रहा हो, कि बाहर बच्चे न सुन लें." तिनं हे अगदी सहज सांगितलं, हातात चहाचा कप धरून. मला तिथे उभं राहवेना. म्हणजे तू थांबली नव्हतीस. मी खाली खेळायला गेलो की तू दार लोटून, आवाज खाली घेऊन म्हणत राहिलीस, हो ना? मला लाज वाटू नये म्हणून. केवढं बरं वाटलं हे ऐकून, आणि केवढं वाईट. आणि मी ऐकलं नाही म्हणून ते तिथेच राहिलं की काय, त्या भिंतींत, ऐकणारं कुणी येईपर्यंत? असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण त्या रविवारपासून आमच्या घरी कुकर लावला की मी स्वयंपाकघरात जात नाही.

ही पाकिटात घालण्यासारखी चिठ्ठी नाही, आणि पत्ता म्हणून मला एकच पत्ता येतो, तोही आपला राहिलेला नाही. तेव्हा ती माझ्याच कपाटात राहील. एक मात्र कबूल करायचं राहिलं. बोलता बोलता तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं होतं आणि विचारलं होतं, "आपने ये गाना पहले सुना है क्या? किसका है, पता चल जाए तो मैं नाम लगा दूँ." आजूबाजूला माणसं होती, आई. सगळ्यांना ऐकू गेलं असतं. मी नाही म्हणालो.