नकाशावरची बटणं

प्रिय ठकू,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे पाऊसपाणी, बाबांचा गुडघा आणि माझ्या चष्म्याचं नवं भिंग एवढ्यावरच भागवलं. सांगायचं पुष्कळ होतं. पण फोनवर तू मधेच प्रश्न विचारतेस, मी मुद्दा विसरते आणि शेवटी आपण दोघी तुझ्या भिंगरीच्या पडलेल्या दातावर येऊन थांबतो. म्हणून हे पत्र. पत्रात तुला मधे बोलता येत नाही, हा त्याचा मोठाच गुण आहे. चहा घेऊन पाय वर करून बस, आणि शेवटचं पान आधी वाचू नकोस. तुझी खोड मला ठाऊक आहे.

भिंगरी तान्ही असताना तू आली होतीस, स्वयंपाकघरामागच्या भिंतीची भेग पाहिलीस आणि म्हणालीस, या छपराखाली मी माझ्या पोरीला निजवणार नाही. बाबा म्हणाले, या घराची खिडकी न् खिडकी माझ्या हातची आहे, ते जागचं हलायचं नाही. तू त्याच दुपारी बॅग भरलीस. तेव्हापासून तू येतेस ती एकटी, आणि नातीला आम्ही फोनच्या काचेत बघतो. मी आपली मधल्यामधे. घर सोडायचं नुसतं नाव काढलं की तुझे बाबा रंधा उचलून कामाला निघायचे.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. गेली काही वर्षं माझे पडदे परत येत होते. शाळेच्या मोठ्या बाईंच्या दिवाणखान्यातले, बेकरीवाल्याच्या वरच्या मजल्यावरचे, दाताच्या डॉक्टरांचे. तक्रार एकच, पडदा एका बाजूने आखूड झाला. टेप लावून पाहावं तर माझं माप चोख. पण त्यांच्या खिडकीत टांगला की दरीकडच्या कोपऱ्यात, पडदा आणि फरशीच्या मधे, चांगली बोटभर फट. कापड आटलं असेल, असं म्हणून मी तो घरी आणायची आणि मुकाट्याने दुमड उसवून तेवढाच कोपरा खाली सोडायची. कुणाजवळ बोलले नाही. माझे पडदे आखूड पडतात असा बोभाटा झाला असता तर कोण आलं असतं माझ्याकडे? आणि तुझ्या बाबांना सांगायची तर सोयच नव्हती, वर्षभर चिडवलं असतं त्यांनी.

बाबा तरी कुठे धुतल्या तांदळासारखे! त्यांची दारं परत येत होती. बसवताना एका बोटाने फिरणारं दार पुढच्या पावसाळ्यानंतर चौकटीला घासायला लागायचं. हे पिशवीत रंधा लपवून, जरा पाय मोकळे करून येतो म्हणत निघायचे आणि दार तासून यायचे. आपला नळवाला, ज्याला सगळे ठिबक म्हणतात, तो स्वतःच जोडलेले नळ पुन्हापुन्हा जोडत हिंडत होता आणि मूग गिळून बसला होता. जो तो आपली अब्रू झाकण्यात गुंतलेला. एकाच टेबलावर जेवणारी आम्ही दोघं, पण आमचंही तेच.

मग डोंगरावर नजर ठेवणाऱ्या कार्यालयात एक नवी बाई आली. असेल तुझ्याच वयाची. सगळे तिला उतारबाई म्हणतात, तिच्या तोंडावरसुद्धा, आणि ती ओ देते. तिच्या मोजणीच्या खुंट्या सगळ्या खाली रस्त्याकडेला, कारण दरड पूर्वी तिथेच पडली होती. खुंट्या हलत नव्हत्या, पण तिला चैन नव्हतं. पावसाचं जेवढं पाणी डोंगरात शिरायचं तेवढं नाल्यांतून बाहेर पडत नव्हतं. तिने फलकावर सूचना लावून पाहिल्या. त्या वाचायला आपण थोडेच रिकामे! शेवटी तिने वाचनालयात बैठक बोलावली. घराघरांत जाऊन काम करणारे आम्ही सगळे, शाळेच्या मोठ्या बाई, बसचा ड्रायव्हर, बेकरीवाला. टेबलावर वस्तीचा भलामोठा नकाशा पसरला आणि विचारलं, तुमची कुठली कामं परत आली ते सांगा.

झालं, कुणीच कबूल होईना. ठिबक म्हणाला, माझे नळ कधी गळत नाहीत. बाबा म्हणाले, माझी दारं कधी अडत नाहीत, आणि तेही त्या भरदार आवाजात, ज्या आवाजात ते तुला गुडघा ठणठणीत असल्याचं सांगतात. उतारबाई बिचारी हिरमुसली. म्हणाली, मला कुणाच्या कामात खोट काढायची नाही, कुठल्या घरात पोरांना निजवावं आणि कुठल्या नाही एवढंच मला शोधायचं आहे. ठकू, तुझंच बोलणं! मी उठले आणि म्हणाले, माझे पडदे परत येतात, आणि कुणाकुणाचे ते सांगते.

आधी सगळे हसले. मी पिशवीतून बटणांचा डबा काढला आणि एकेका घरावर पांढरं बटण ठेवत गेले. तेव्हा ठिबकने डोकं खाजवलं, डब्यात हात घातला आणि आपली निळी बटणं मांडायला लागला. बटणं ठेवताठेवता आम्ही दोघं एकमेकांच्या हातांवर आदळत होतो, इतकी घरं तीच ती. रस्त्याच्या कितीतरी वर, शाळेच्या मागून आपल्या गल्लीपर्यंत, बटणांची एक वाकडी माळ तयार झाली. उतारबाईचा चेहरा बघवेना. तिने समजावून सांगितलं की सरकणारा डोंगर आधी वरच्या काठाला फाटतो, म्हणून त्या घरांची दरीकडची बाजू खचते आहे. ती पायथ्याशी मोजत बसली होती. ती एकटी असती तर तिला हे दिसलं नसतं, आणि आम्ही जन्मभर दुमडी उसवत आणि दारं तासत राहिलो असतो.

तेवढ्यात बाबा पुढे आले. त्यांनी डब्यातून काळी बटणं घेतली आणि घरांवर ठेवली. शेवटचं बटण आपल्या घरावर. स्वयंपाकघराचं दार, एवढंच म्हणाले. मी बाजारात गेले की ते आपलंच दार तासत होते, ठकू! ओट्याखाली सापडणारा भुसा त्यांच्या कपड्यांतून पडतो असं समजून मी तो झाडत होते. मला खूप राग आला आणि त्याहून जास्त माया आली. चारचौघांत मी त्यांचा हात कधी धरला नव्हता, तो त्या दिवशी धरला.

बटणांच्या माळेतली घरं रिकामी झाली. गेल्या महिन्यात आम्हीही बस डेपोमागच्या सपाटीवर राहायला आलो. फोनवर तुला ठोकाठोक ऐकू येत होती ना, आणि मी रंगकाम चाललंय म्हणून थाप मारली होती, तो नव्या घराचा आवाज. जागा लहान आहे, पण सकाळचं ऊन थेट टेबलावर येतं. बैठका अजून चालतात. आता उतारबाई शिकवते आणि आम्ही ऐकतो. वाहता झरा एकाएकी थांबला तर आत डोंगर हलला असं समजायचं, चूक शोधत बसायचं नाही, आधी कळवायचं. कुणी कुणाला कळवायचं तेही ठरलं आहे. खालच्या गल्लीची दारं वाजवायचं काम बाबांचं, कारण त्यांच्या थापेने बहिराही जागा होतो.

आता शेवटचं पान. गेल्या आठवड्यात, ऐन दुपारी, शाळेच्या वरचा झरा थांबल्याचं ठिबकने पाहिलं. पूर्वीचा ठिबक नळी खुपसत बसला असता. या वेळी त्याने फोन केला. मोठ्या बाईंनी शाळा सोडली, बाबांनी लंगडत सगळी गल्ली उठवली, ड्रायव्हरने बस भरभरून माणसं डेपोत आणली. चहाच्या वेळेला डोंगर खाली आला. आपलं घर गेलं, ठकू. खालच्या गल्लीतली अर्धी घरं गेली. माणूस एकही गेला नाही, कुणाचं तरी मांजरसुद्धा टोपलीतून आलं होतं. जीवितहानी नाही म्हणून बातमी चार ओळींत आटोपली, तुझ्या नजरेतून सुटली असेल. बाबा डोंगराकडे बघत उभे होते. मला वाटलं आता रडतील. तर मला म्हणाले, कार्यालयातून तुझी बटणं परत मिळाली का? मग घरी येऊन लाकूड मोजायला लागले. एक छोटा पलंग केला आहे. कुणासाठी ते सांगत नाहीत आणि तुला बोलवायचे तर मुळीच नाहीत, म्हणून मी बोलावते आहे. ज्या छपराखाली तू पोरीला निजवणार नव्हतीस ते छप्पर आता नाही. भिंगरीला घेऊन ये. तिच्या खिडकीला पडदा लावला आहे, दोन्ही बाजूंनी सारखा.

तुझीच, आणि इतकं होऊनही तुझ्या बाबांचीच,
आई